पाहुण्यांबरोबर गेलेला राखणदार

मे महिन्यात आमच्या वाइनरीत आलेला पाहुणा जिना उतरून तळाशी पोचला, की हमखास विचारतो, "इथे एसी लावलाय का?" मग मी ठरलेलं हसते आणि ठरलेलं उत्तर देते, की एसी नाही, हा चिऱ्याचा गारवा आहे. वर सडा, म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा माळ, तव्यासारखा तापलेला असतो आणि खाली आल्यावर बायका पदर, ओढण्या अंगाभोवती घेतात. कुणीतरी भिंतीला हात लावून बघतो. भिंत ओलसर लागते. हात लावणारा तो चटकन मागे घेतो, आणि का घेतला ते त्याला सांगता येत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याकडे बघायचंच नाही असं ठरवून टाकलं आहे.

ही मुळात चिऱ्यांची खाण. मुळगावच्या पलीकडे, डिचोलीहून आत गेलं की आमचा थोड्या घरांचा वाडा लागतो आणि वाड्याच्या डोक्यावर हा सडा. जांभ्या दगडाचे चिरे कापून कापून विहिरीसारखा चौकोनी खड्डा झाला होता. त्या खड्ड्यात दुपारी बाराच्या सुमाराला मुलांना कधी पाठवत नसत. कामगार सांगायचे, की काठावरून काठी आपटल्याचा आवाज येतो, आणि तो आला की हत्यारं तिथेच टाकून वर यायचं. एकदा असेच सगळे वर आले आणि मागे भिंत खाली बसली. त्यानंतर खाण बंद झाली. मी शाळेत असताना तिथे फक्त पाणी आणि बेडूक होते.

मालकीणबाई आल्या तेव्हा मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. बाई कित्येक वर्षं परदेशात, थंड मुलखात राहून वाइन करायला शिकलेल्या. गोव्यात थंडी कुठून आणायची, तर त्यांनी ती जमिनीखाली शोधली. खड्ड्यातलं पाणी उपसलं, वर छप्पर घातलं, खाली लाकडी पिंपं आणि स्टीलच्या टाक्या मांडल्या. द्राक्षं घाटावरून यायची, काजूचे बोंडू आणि कोकम आमच्याकडचे. वरच्या अंगणात चित्रांचं दालन, फुगडी, घुमट-आरती, केळीच्या पानावर जेवण. समुद्रकिनाऱ्याला कंटाळलेली माणसं 'खरा गोवा' बघायला येऊ लागली आणि तो दाखवायला बाईंनी मला ठेवलं. मला चार भाषा येत होत्या आणि तोंडाला कुलूप नव्हतं. घरी ज्या गुणासाठी बोलणी खाल्ली, त्याच गुणावर नोकरी मिळाली.

माझे वडील मात्र तिथे नोकरीला नव्हते. त्यांचं काम त्याहून जुनं होतं. आमच्या गावात राखणदाराला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेवर फिरणारा. देव म्हणावा तर देवळात नाही, भूत म्हणावं तर कुणी तसं म्हणू देणार नाही. खांद्यावर कांबळं, हातात काठी, पायात वहाणा. खाणीच्या काठावर जांभ्याचा एक उभा दगड आहे, तीच त्याची जागा. वर्षातून एकदा त्याला रोट, सोरो म्हणजे दारू, आणि विडी ठेवायची आणि कातडी वहाणांचा नवा जोड. वर्षभराने बघावं तर वहाणांचे तळ झिजलेले. मी लहानपणापासून म्हणत आले, की उंदीर खातात, पावसात कातडं कुजतं. बाबा म्हणायचे, "उंदीर काय टाचेकडसूनच खाता?" पण म्हणून मी मान्य केलं असं मुळीच नाही. देवावर माझा विश्वास सोयीपुरता होता, परीक्षेच्या आधी वाढणारा.

गाऱ्हाणं म्हणजे त्या दगडासमोर उभं राहून मोठ्याने मागणं. एकाने मागायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुणाचं लग्न ठरलं, कुणी बोरवेल मारली, कुणाची गाय चुकली, की तो माणूस बाबांना घेऊन तिथे जाई. बाबा त्याचं नाव, त्याच्या घराचं नाव घेत आणि आवाज चढवत. "बा देवा, ह्या सड्याच्या धन्या, ह्यां तुजां लेकरू आज तुज्या पायांकडे इलां. ह्या शिवेच्या आत तेच्या म्होरे-पाटी उभो रव. काटो लागात थंय फुल पडांदी." घरी बाबा हळू आवाजात बोलणारे, भाजीत मीठ कमी असलं तरी न सांगणारे. दगडासमोर त्यांचा आवाज ऐकला की मला माझे वडील अनोळखी वाटत. लहानपणी त्या आवाजाला मी घाबरायची, आणि खरं सांगायचं तर मोठेपणीही.

दगड वाइनरीच्या हद्दीत आला. बाईंनी त्याला हात लावला नाही, उलट भोवती झाडून-पुसून घेतलं आणि पाहुण्यांना तो दाखवायला सुरुवात केली. एका शनिवारी तिन्हीसांजेला बाबा तिथे दिवा लावत होते, तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका आला. कुणीतरी विचारलं, "आमच्यासाठी काही म्हणाल का?" बाबांनी नावं विचारली. ती माणसं हात जोडून उभी राहिली, काही बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा घरी आले ते वेगळेच. जेवताना दोनदा भात मागितला. "मोठीं माणसां गो बाय, पण दगडाफुडे लहान झालीं," म्हणाले.

त्यांना ते आवडलं होतं, इतकं सरळ होतं सगळं. कुणी त्यांना भुलवलं नाही, भाग पाडलं नाही. आई गेल्यापासून संध्याकाळी भिंतीकडे बघत बसणारे माझे बाबा शनिवारची वाट पाहू लागले, धुतलेला सदरा घालू लागले. मीच त्यांना चिडवायची, "काय, आज किती पाव्हणे राखणीला घालणार?" तर लाजायचे. गावातल्या कुणी हरकत घेतली नाही. आपल्या राखणदाराला बाहेरची माणसं मानतात, याचं गावालाही कौतुकच होतं.

एका शनिवारी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा नेमकं काय मागतात. मी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "पण ही माणसं तर आजच परत जाणार. शिवेच्या आत सांभाळ म्हटल्यावर यांना त्याचा काय उपयोग?" प्रश्न साधा होता, विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. मी तो बाबांना सांगितला. आमच्याकडे पाहुण्याला अर्ध्यावर सोडत नाहीत. जेवायला घातलं तर पोटभर घालायचं, पोचवायला गेलं तर बसमध्ये बसवून यायचं. बाबा त्याच हिशोबाने गेले. पुढच्या शनिवारी, वर्षाचा नवा जोड ठेवल्यानंतर दोनच दिवसांनी, गाऱ्हाण्यात शिवेचे शब्द आले नाहीत. त्या जागी बाबांनी म्हटलं, "हीं जंय जातीत थंय तेंच्या सांगाती रव." जिथे जातील तिथे त्यांच्या सोबत राहा.

मागच्या आमच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. पाहुण्यांनीही ते शिकून घेतलं होतं, त्यांनीही म्हटलं. मी कुणाच्या तरी फोनमध्ये व्हिडिओ काढत होते. मला आठवतंय, त्या क्षणी सड्यावरचा वारा पडला आणि आंब्यावरचे कावळे एकदम उडाले. आता आठवतंय म्हणते, पण तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं होतं, की व्हिडिओ हलला.

पावसाळा गेला. पुण्याच्या एक बाई अधूनमधून मेसेज करत असत, वाइन कशी टिकवायची वगैरे. त्यांनी एकदा विचारलं, तुमच्याकडच्या म्हाताऱ्या काकांनी जे म्हटलं होतं, त्याचा अर्थ काय? मी सांगितला. मग उत्तर आलं, "आमच्या आठव्या मजल्यावर दुपारी विडीचा वास येतो. घरात कुणी ओढत नाही. पॅसेजमध्ये काठी टेकत चालल्यासारखा आवाज येतो. भीती नाही वाटत हं. मुलगा जिन्यात पडता पडता वाचला, कुणीतरी धरल्यासारखा. पण जे कोणी आहेत ते दमलेत असं वाटतं." तो शेवटचा शब्द मी परत परत वाचला. दमलेत. मी फोन पालथा ठेवला आणि कामाला लागले.

मग थंडीच्या दिवसांत हैदराबादचं एक जोडपं दुसऱ्यांदा आलं. गृहस्थ गमत्या स्वभावाचे. तळाशी पिंपांपाशी उभे असताना मला हळूच म्हणाले, "तो जो आमच्या मागून चालतो, तो पॅकेजमध्येच होता का?" मी हसले. त्यांची बायको हसली नाही. ती म्हणाली, "इथे आल्यापासून तो दिसत नाही. इथे नाहीच तो." तेव्हा दुपार होती, वर ऊन होतं, आणि मला खाली इतकी थंडी वाजली की मी टूर अर्ध्यात आवरून सगळ्यांना वर आणलं. बाईंना सांगितलं, पोट बिघडलंय.

हे बाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. सांगावं लागलंच नाही. वर्षाचा दिवस आला, बाबा नवा जोड घेऊन दगडापाशी गेले, मी रोटाची टोपली घेऊन मागे. जुन्या वहाणा तिथेच होत्या. बाबांनी त्या उचलून उलट्या केल्या. तळ कोरे होते, दुकानातून आणले तेव्हा होते तसे, बाजारातल्या खडूची खूणसुद्धा पुसली नव्हती. आत कोळ्याने जाळं विणलं होतं. उंदरांनी तोंड लावलं नव्हतं, पावसाने कातडं कुजलं नव्हतं. माझी सगळी उत्तरं त्या एका जोडाने संपवली.

बाबा त्या हातात घेऊन खाली बसले. "तो खंयच फिराक नाय," म्हणाले. मग जोड मांडीवर ठेवून, "गेलो तो. मीच धाडलंय तेका."

मी म्हटलं, "बाबा, उगीच काहीतरी बोलू नका."

"एकाच्या सांगाती एक जाता गो. मी किती जणांच्या सांगाती घातलां तेका? फाटलो आसतलो तो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. पुण्याच्या बाईंचा मेसेज माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला.

त्या दिवशी बाबांनी गाऱ्हाणं घातलं ते मागे कुणी नसताना, फक्त मी. त्याला परत ये म्हणाले. आणि तो परत येईपर्यंत त्याच्या जागी मी उभा आहे, शीव उघडी पडणार नाही, असं म्हणाले. मला हे कळायला क्षणभर वेळ लागला. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत हे एक कारण, पण खरं कारण म्हणजे मला ते मंजूर नव्हतं.

शनिवारचं गाऱ्हाणं बंद झालं. बाईंनी कारण विचारलं नाही, बाबांचा चेहरा बघून त्यांना पुरेसं कळलं असावं. आणि बाबा चालू लागले. पहाटे एकदा, भर दुपारी एकदा आणि तिन्हीसांजेला एकदा गावाची शीव फिरायची. सड्यावरून, काजूच्या बनातून, ओहोळाच्या काठाने, खालच्या मोरीच्या छोट्या पुलापर्यंत, जिथे शीव संपते, आणि परत. अनवाणी. मी ओरडले, रडले, चपला लपवल्या असत्या पण ते चपलाच घालत नव्हते. "तेच्या वहाणो थंय पडलेल्यो आसत, मी कशो घालू?" हे त्यांचं उत्तर. गावातली माणसं वाटेत त्यांना बघून बाजूला होऊ लागली, आणि काहीजण नमस्कार करू लागले. मला त्या नमस्काराचा राग यायचा. माझ्या बापाला जिवंतपणी दगड करून टाकायला निघाले होते सगळे.

त्यांचं चालणंही बदललं. घरात येताना पायरीवर काठी टेकल्याचा आवाज आधी यायचा, मग ते. एकदा दुपारी मी खाली तळाशी पाहुण्यांना पिंपं दाखवत होते, तेव्हा वरच्या काठावर तसाच आवाज झाला. काठी आपटल्याचा. पाहुण्यांनी वर पाहिलं. मी सगळ्यांना वर चला म्हटलं आणि धावत आले, तर बाबा काठावर उभे होते, ऊन डोक्यावर, नजर माझ्याकडे पण मला न ओळखणारी. मी हाक मारली. दुसऱ्या हाकेला ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाय, जेवलंस?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला माझे बाबा हवे होते. राखणदार गावाला लागत असेल, मला नव्हता लागत.

बाबांना साखर होती. तळपायाला काटा लागला, जखम झाली, त्यांनी ती दाखवली नाही. मला वास आला तेव्हा बोटं काळी पडली होती, पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि अंगात ताप फणफणत होता. डिचोलीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, की आजच्या आज पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, विष वर चढलं तर पाय नाही, माणूस जाईल. ते घरी येऊन तपासून गेले होते, कारण बाबा शिवेबाहेर त्यांच्या दवाखान्यातसुद्धा यायला तयार नव्हते. बाबा ग्लानीत आहेत तोवर आम्ही त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. मी मनात म्हटलं, झोपेतच शीव ओलांडू.

मोरीपाशी आलो आणि बाबा उठून बसले. तापाने फणफणलेला माणूस, त्यांनी मागच्या दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. "थांबय. गाडी थांबय."

ड्रायव्हर वाळपईकडचा होता, पन्नाशीचा, दाढी वाढलेला; बाबांना गाडीत घालताना शेजाऱ्यांकडून त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने गाडी थांबवली. मोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे दुसरा गाव. टळटळीत दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"मी भायर जावचंय नाय," बाबा म्हणाले. "मी गेलंय तर हंय कोण?"

मी सगळं करून पाहिलं. हात जोडले, आईची शपथ घातली, हात सोडवायला ओढले. त्या हातांत कसली ताकद होती देव जाणे. मी ड्रायव्हरवर ओरडले, गाडी चालवा, मी बघते. त्याने गाडी बंद केली, खाली उतरला, पायातल्या चपला काढून रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि मला म्हणाला, "बाय, ते आपणच आपणाक सोडूचे नाय. दुसऱ्या कोणी तरी तेंका सोडवन घेवक व्हयां. तुमच्यात कोण आसा गाऱ्हाणां घालपी?"

दुसरं कुणी नव्हतं. चुलतभाऊ मुंबईला, गावातून माणूस बोलवून आणायला वेळ नव्हता. बाबांचे ओठ सुकले होते. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, सड्याकडे तोंड करून. मला शब्द पाठ होते, लहानपणापासून ऐकलेले, पण तोंडातून कधी काढले नव्हते. आणि काढले तेव्हा ते गाऱ्हाण्यासारखे आलेच नाहीत, भांडणासारखे आले.

"बा देवा, ह्या सड्याच्या धन्या, खंय आसस तू? पाव्हण्यांच्या घराकडे बसून रवलंस आणि माजो म्हातारो तुजी शीव फिरता! तेची चूक झाली, तेणी पाव्हण्यांक अर्ध्यार सोडूक नाय म्हणान झाली. ज्यांच्या ज्यांच्या सांगाती तुका घातलो, त्या सगळ्यांकडसून मी तुका सोडवन घेतंय. ये तुज्या जागेर. आत्ता ये. माज्या बापायच्या अंगावरसून तुजां काम उतरय."

मागून ड्रायव्हर म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मग काही झालं नाही. रातकिडे दुपारी ओरडत होते ते थांबले, एवढंच. मला माझ्याच श्वासाचा आवाज येत होता. सड्यावरून खाली येणाऱ्या पायवाटेवर ऊन होतं आणि त्यात कुणी नव्हतं. मी तिथे बघत होते म्हणून मला बाबांचा चेहरा दिसला नाही. मागून त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, दगडासमोरचा नव्हे, घरातला, हळू.

"इलंस?" ते विचारत होते. उशिरा आलेल्या माणसाला विचारावं तसं. "दमलंस मां? बस थोडो."

मी वळले तर त्यांनी कडी सोडली होती. तळव्यांवर तिचे वळ उठले होते. ड्रायव्हरने चपला उचलल्या आणि तो गाडीत जाऊन बसला.

मला तिथेच थांबता आलं असतं. शीव भरली होती, बाबा मोकळे झाले होते, सगळं जिथल्या तिथे लागलं होतं. पण बाबा स्ट्रेचरवर आडवे झाले तेव्हा ते फार लहान दिसले. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. जन्मभर या माणसाने प्रत्येकाचं नाव घेतलं, लग्नाचं, गाईचं, बोरवेलचं, परक्या पाहुण्यांचं. स्वतःचं कधी घेतलं नाही, कारण गाऱ्हाणं घालणारा स्वतःचं नाव घेत नाही. मी परत सड्याकडे तोंड केलं आणि मुद्दाम, अर्थ पुरता समजून, बाबांचं नाव घेतलं. बापाचं, आज्याचं, घराचं. आणि म्हटलं, "हो जंय जाता थंय तेच्या सांगाती रव."

ड्रायव्हरने "व्हय म्हाराजा" म्हणायला वेळ लावला. पण म्हणाला.

बाबांनी डोळे मिटून घेतले. "बाय गो, ह्यां कित्या केलंस? आत्ताच तर इल्लो तो."

"गाव सांभाळेल स्वतःला थोडे दिवस," मी म्हटलं. "मला तुम्ही पाहिजे." हे मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. गाडी मोरीवरून पलीकडे गेली आणि काही वेळाने मागे रातकिडे पुन्हा ओरडायला लागले असावेत, मला ऐकू आलं नाही.

हॉस्पिटलात बाबांची बोटं काढावी लागली, पाय वाचला. एक आठवडा ताप वर-खाली होत होता. शेजारच्या खाटेवर पेडण्याकडचा एक पेशंट होता, त्याची बायको दिवसभर त्याच्यापाशी बसून असायची. बाबांचा ताप उतरला त्या दुपारी मी चहा घेऊन वर आले, तर तिने मला विचारलं, "तुमचे दुसरे म्हातारे खंय गेले? कांबळां पांघरून बसलेले? ह्या गरमीत कांबळां कशाक, म्हणान मी इचारूक गेलंय तर ते उठून खिडकेकडे गेले." मी तिला म्हटलं, ते आमचे नातेवाईक, खाली गेले असतील. चहा बशीत सांडला. तिने फडका दिला.

गावात तेवढ्या दिवसांत मोरीच्या वळणावर एक स्कूटर घसरली. स्कूटरवाल्याचा हात मोडला. तिथे खडी पसरली होती, हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना मला माझ्याच आवाजाचा भरवसा वाटत नव्हता. त्या माणसाच्या घरी मी आजही वरचेवर जाते, का जाते ते त्याच्या बायकोला कळत नाही. पण पुन्हा तोच दिवस आला तर मी पुन्हा तेच म्हणेन. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

बाबांना घरी आणलं ते भाड्याच्या गाडीतून, दुपारी. बाबा मागच्या सीटवर एका बाजूला सरकून बसले होते, खिडकीला चिकटून, पाय अवघडत होता तरी. मी म्हटलं, मध्ये बसा ना, जागा आहे. त्यांनी पाय आणखी जवळ ओढून घेतला. मी पुढे बसले.

मोरी आली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी थांबय." मी घाबरून मागे वळले. त्यांचा चेहरा शांत होता. "आदी तेका उतरूक दी," म्हणाले.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी उतरले आणि मागचं दार उघडलं, बाबांच्या पलीकडचं. सीट रिकामी होती. ऊन आत आलं. मी दार धरून उभी राहिले, आणि अंगाने भरलेला माणूस उतरला की गाडी जशी वर येते, तशी ती एका बाजूने वर आली. स्प्रिंगचा आवाज झाला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

मी दार लगेच लावलं नाही. सड्याकडची पायवाट रिकामी होती आणि तिच्यावर जरा धूळ उडत होती. बाबा सरकून सीटच्या मधोमध बसले, पाय लांब केला आणि मला म्हणाले, "चल बाय. आता माका घराक घेवन चल."